गल्ला, चूल आणि मोरी

माझा पुतण्या कर्जत-खोपोली रस्त्यावर हॉटेल काढतो आहे. धंदा कसा उभारावा, माणसे कशी सांभाळावीत, नवे काय काढावे हे सांगणारी चार-पाच पुस्तके त्याने आणून ठेवली आहेत. मी ती वाचली. भांडवल, जागा, चव, टापटीप, नोकर, सगळे त्यांत आहे. जात हा शब्द तेवढा कोठे नाही. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये यावर जी समाजरचना शतकानुशतके उभी राहिली, तिच्यात हा एक शब्द गाळून हॉटेलाचे शास्त्र लिहिता येते, याचे मला नवल वाटले. म्हणून हे टिपण.

आमच्या भागातल्या सर्वांत प्रसिद्ध धंद्यापासून सुरुवात करतो. कर्जत स्टेशनातला दिवाडकरांचा बटाटावडा मुंबई-पुणे प्रवास केलेल्या बहुतेकांनी खाल्ला असेल. तो तेथेच का चालला, हे वड्याच्या चवीइतकेच घाटाकडे पाहून समजते. कर्जतच्या पुढे बोरघाट लागतो. 1863 साली या घाटातून रेल्वे सुरू झाली. चढ सदतिसास एक, म्हणजे सदतीस फूट पुढे जावे तेव्हा एक फूट वर. एवढ्या चढाला पुण्याकडची गाडी एका इंजिनाने जात नाही. कर्जतला मागून ढकलणारी जादा इंजिने जोडावी लागतात. ती जोडेपर्यंत गाडी उभी. धंदा काय तो या चार-दोन मिनिटांचा. एवढ्या वेळात ताट मांडता येत नाही, कपबशी विसळता येत नाही. आधी तळून ठेवता येईल, हातात धरता येईल, खिडकीतून देता येईल आणि सुट्या पैशांत भागेल असाच पदार्थ पाहिजे. वडा या सगळ्या अटींत बसतो. कल्पकता म्हणतात ती ही. पदार्थ नवा नव्हता. तो थांब्याच्या मापाचा करून घेतला गेला.

या थांब्यात मला आणखी एक गोष्ट दिसते. गाडी सुटायला आली असता खिडकीतला माणूस वडा कोणी तळला, बटाटा कोणी सोलला हे विचारीत नाही. विटाळ पाळायलाही फुरसत लागते. रेल्वेने जात मोडली असे भाबडे विधान मी करीत नाही. इंग्रजी अमदानीत याच रेल्वेच्या स्टेशनांवर हिंदू पाणी आणि मुसलमान पाणी वेगळे होते. परंतु घाई ही विटाळाची अडचण होती, एवढे खरे.

फुरसत असलेल्या गावच्या हॉटेलात आमच्या लहानपणी आमची कपबशी बाहेर वळचणीला असे. चहा वरून ओतायचा, आपण प्यायचा, आपणच विसळून ठेवायची. पैसे मात्र आत जात. पैशाला विटाळ नव्हता. राज्यघटनेच्या पंधराव्या कलमाने दुकाने आणि उपाहारगृहे सर्वांना खुली केली. 1955 साली अस्पृश्यता गुन्हा ठरवणारा कायदा आला, आणि 1976 साली तो कडक करून त्याला नागरी हक्क संरक्षणाचे नाव दिले. या कायद्यांनी आम्हाला गिऱ्हाईक म्हणून आत बसवले. ते थोडे नाही. पण आम्हीच गल्ल्यावर बसलो, तर समोरच्या बाकावर येऊन बसण्याची सक्ती कोणता कायदा कोणाला करणार?

कोल्हापूरच्या गंगाराम कांबळ्यांपुढे हाच प्रश्न होता. पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्लेल्या या माणसाला शाहू महाराजांनी हॉटेल काढायला लावले आणि स्वतः तेथे जाऊन चहा घेतला. राजाने कप तोंडाला लावल्यावर बरोबरच्या मंडळींना नाही म्हणता येईना. नेतृत्वाचा याहून स्पष्ट धडा मला ठाऊक नाही. पण प्रत्येक गंगारामाला राजा भेटत नाही. आमच्या आईला राजा भेटला नाही. तिला भोंगा भेटला.

खोपोलीत टाटांचे वीजघर 1915 सालचे. पुढे आजूबाजूला कारखाने झाले. आईने वस्तीच्या तोंडाशी दोन बाक टाकून खाणावळ काढली. पहिला आठवडा बरा गेला. मग कोणीतरी वस्ती कोणती ते विचारले, आणि चौथ्या दिवशी बाक रिकामे. पंधरा दिवस चूल घरापुरतीच पेटली. त्यानंतर आईने बाक उचलले आणि गरम भाकरी, सुकटीचे कालवण पाटीत घालून ती कारखान्याच्या फाटकावर जाऊ लागली. कामगारांना सुट्टी अर्ध्या तासाची. भाऊ म्हणाला, तेथेही विचारतील. आई म्हणाली, “भोंगा झाल्यावं कोन इचारतंय, कोनाच्या चुलीवरची हाय ती?” तिने कर्जतचा वडा कधी विकला नव्हता, पण गणित तेच होते. उधारी पगारापर्यंत, वहीत नाव असे, जात नसे. दोन-अडीच वर्षांनी त्यांतलेच काहीजण वस्तीत येऊन बसून जेवू लागले. सगळे नव्हेत. तेव्हा आईने चूल मागच्या पडवीतून पुढे आणली. येणाऱ्याने पाहूनच बसावे, मागाहून विचारू नये, असा तिचा हिशोब.

आता आमच्या घरातले सांगतो, कारण पराक्रमाच्या गोष्टींत ते गळते. पुढे गल्ल्यावर मी बसू लागलो. मोरीवर भांडी घासायला एक कातकरी बाई होत्या. त्यांची भाकरी आमच्या सर्वांपेक्षा चांगली हे एकदा कळले, तरी वर्षभर मी त्यांना तव्यापाशी येऊ दिले नाही. गिऱ्हाईक काय म्हणेल, हे माझे कारण. हेच वाक्य आमच्याविषयी बोलले गेले होते, ते मी तसेच्या तसे उचलले. शेवटी आईने मला न विचारता बाईंना तव्यावर बसवले. त्या दिवशी काम सोडून गेल्या त्या दोघी आमच्याच वस्तीतल्या. एक परत आली, एक आली नाही. गिऱ्हाईक कोणी काही बोलले नाही.

2002 साली द्रुतगती मार्ग पुरा झाला, खालापूरला मोठे फूड मॉल उभे राहिले, जुन्या रस्त्यावरची वर्दळ पातळ झाली. फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरची वंदे भारत सुरू झाली, ती जादा इंजिनावाचून घाट चढते. थांब्यावर उभा राहिलेला धंदा थांब्याबरोबर हलतो, हे पुतण्याला समजते. त्याचे गिऱ्हाईक शनिवार-रविवारी शेतघरांवर येणारे. ते फुरसतीने येणार, फुरसतीने बसणार, आणि जेवता जेवता विचारणार, “मालक, तुम्ही मूळचे कुठले?” भोंगा त्याच्या मदतीला नाही.

पाटीवर त्याला नदीचे नाव हवे आहे. मी म्हटले, आजीचे घाल, आडनावासकट. तो विचार करतो आहे. रंगारी पुढच्या आठवड्यात येईल. त्या कातकरी बाईंची नात बारावी झाली आहे, हिशोबाला तिला घ्यायचे त्याने ठरवले आहे. मी विचारले, गल्ल्यावर की आतल्या खोलीत? “काका, आधी हॉटेल तर चालू दे,” तो म्हणाला. वर्षभर मीही असेच म्हणत होतो.