तारानुसारक यंत्राचा ध्रुवाशी मेळ

कॅमेरा तिपाईवर स्थिर ठेवून त्याचे शटर मिनिटभर उघडे ठेवले, तर छायाचित्रात ताऱ्यांचे बिंदू न उमटता लहान लहान रेषा उमटतात. हा दोष ताऱ्यांचा नव्हे. पृथ्वी आपल्या अक्षाभोवती पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि तिच्याबरोबर कॅमेराही फिरतो. तथापि अंधुक तेजोमेघ टिपावयाचा तर त्याचा प्रकाश दीर्घकाळ साठवावाच लागतो. म्हणून तारानुसारक नावाचे छोटे यंत्र कॅमेऱ्याखाली बसवितात. ते कॅमेऱ्यास उलट दिशेने, २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी, या वेगाने फिरविते. मात्र यंत्राचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाशी समांतर असेल तरच ही भरपाई खरी ठरते.

समांतर करणे म्हणजे अक्ष खगोलीय उत्तर ध्रुवाकडे रोखणे. भारतात कोठेही या ध्रुवबिंदूची क्षितिजापासूनची उंची त्या स्थळाच्या अक्षांशाइतकी असते: दिल्लीस सुमारे २८.६ अंश, पुण्यास १८.५, तर तिरुवनंतपुरमला अवघी ८.५. जयपूरच्या जंतर-मंतरातील सम्राट यंत्राची तिरपी भिंत सुमारे २७ अंशांनी कललेली आहे, ती याच नियमाने.

अक्ष ध्रुवताऱ्यावर रोखला की काम झाले, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ध्रुवतारा नेमक्या ध्रुवबिंदूवर नाही. तो सध्या तेथून सुमारे ३८ कला, म्हणजे पूर्णचंद्राच्या व्यासाहून थोडा अधिक, दूर आहे आणि त्या बिंदूभोवती लहानसे वर्तुळ काढतो. एवढ्या चुकीने तारा चित्रात मिनिटास १० विकलांपर्यंत सरकतो (६० विकलांची एक कला, ६० कलांचा एक अंश). भिंगाचे नाभीय अंतर ५० मिलिमीटर आणि पिक्सेल ५ मायक्रॉनचे असतील, तर दोन मिनिटांत हे सरकणे जेमतेम एका पिक्सेलाइतके होते; ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. २०० मिलिमीटरच्या भिंगाने मात्र तेच चार पिक्सेलांचे होते व तारा लांबट दिसू लागतो.

यंत्राच्या अक्षात बसविलेल्या छोट्या ध्रुवदर्शक दुर्बिणीच्या काचेवर हे वर्तुळ कोरलेले असते. ध्रुवतारा मध्यावर नव्हे, तर वर्तुळाच्या परिघावर, त्या घटकेस तो जेथे असावयास हवा तेथे आणावयाचा असतो. ते स्थान हल्ली मोबाइलवर कळते. पण नुसत्या डोळ्यांनीही अजमावता येते. ध्रुवमत्स्यातील कोचाब हा तारा ध्रुवबिंदूच्या ज्या बाजूस असेल, तिच्या जवळजवळ विरुद्ध बाजूस ध्रुवतारा असतो. बहुतेक ध्रुवदर्शकांत चित्र उलटे दिसते, हे मात्र विसरून चालत नाही. कॅमेरा आधी बसवून मग अक्ष जुळवावा. नंतर बसविल्यास त्याच्या वजनाने तिपाई किंचित दबते आणि सारी मेहनत वाया जाते.

दक्षिण भारतात ध्रुवतारा पुष्कळदा क्षितिजाजवळच्या धुरकटीत हरवतो. अशा वेळी खगोलीय विषुववृत्तालगतचा, दक्षिणेस माथ्याच्या रेषेत आलेला एखादा तारा, यंत्र चालू ठेवून, काही मिनिटे न्याहाळावा. तो दक्षिणेकडे सरकला तर अक्ष पूर्वेस अधिक वळलेला आहे असे समजावे. उत्तरेकडे सरकला तर पश्चिमेस. अक्षाची उंची तपासण्यासाठी पूर्वेस नुकताच वर आलेला तारा घ्यावा. तो दक्षिणेकडे सरकल्यास अक्ष खाली झुकलेला असतो, उत्तरेकडे सरकल्यास वर गेलेला. या रीतीस अर्धा तास सहज लागतो, परंतु ध्रुवतारा मुळीच लागत नाही.