छावणी उठते तेव्हा : बाजारपेठ सावरण्याच्या नियोजनाचा विचार

सैन्याचा तळ जेथे पडतो तेथे बाजार उभा राहतो, ही गोष्ट आपल्या व्यापारी कुटुंबांना कोणी शिकवावयास नको. बेळगावचा कॅम्प, महू, सिकंदराबाद, मोरार ही नावे आपल्यापैकी पुष्कळांच्या घरच्या बोलण्यात येतात. ग्वाल्हेरच्या एका मोठ्या भागाचे तर नावच मुळी लष्कर असे आहे. १८१० साली दौलतराव शिंदे यांच्या फौजेचा तळ तेथे पडला आणि तळाची पेठ झाली. पलटणीला धान्य, कापड, तेल, साबण, चामडे आणि किरकोळ जिन्नस पुरविता पुरविता कित्येक घराण्यांच्या पेढ्या नावारूपास आल्या.

परंतु फौज जशी येते तशी ती जातेही. मोरारची इंग्रज छावणी १८८६ साली उठली आणि ग्वाल्हेरच्या किल्ल्याबरोबर ते ठाणे शिंदे सरकारांकडे परत आले. असा हुकूम निघतो तेव्हा त्यात लष्करी सोयीचा विचार असतो. पेठेतील दुकानदाराच्या उधारीचा, भाड्याचा आणि शिल्लक मालाचा विचार त्यात नसतो. तो विचार पेठेनेच करावयाचा असतो. तो कसा करावा, याचे काही धडे अलीकडच्या काळात परदेशांत मिळाले आहेत. सभासद बंधूंपुढे ते मांडावेत, एवढाच ह्या लेखाचा हेतू आहे.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे. आपल्याकडे २०२३ सालापासून छावणी मंडळांच्या नागरी वस्त्या शेजारच्या नगरसंस्थांत विलीन करण्याचे धोरण सुरू झाले व हिमाचल प्रदेशातील यॉल हे त्यातील पहिले ठिकाण ठरले. तो बदल नागरी कारभाराचा होय. त्याने सैन्य हलते असे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय त्याहून निराळा, म्हणजे सैन्यच निघून गेल्यावर गावाने कसे जगावे, हा आहे.

एकाच गिऱ्हाइकाचे दुकान

छावणीच्या गावाचे अर्थकारण वरवर पाहता भरभराटीचे दिसते. शिपायाचा पगार दरमहा नेमाने येतो, पाऊस पडो वा न पडो. तो पगार बाहेरून येतो व गावात खर्च होतो. त्याच्या जोडीला रसदीची कंत्राटे, इमारतींची डागडुजी, घरभाडी, धोबी, शिंपी, टांगेवाले व आचारी यांची मजुरी असते. परंतु वस्तुतः हे सर्व एकाच गिऱ्हाइकाचे दुकान असते. खतावणीत शंभर नावे दिसली, तरी त्या शंभर जणांचा पैसा एकाच तिजोरीतून येत असतो. ती तिजोरी बंद झाली म्हणजे पगार, कंत्राटे आणि भाडी ही तिन्ही एकाच महिन्यात थांबतात.

मात्र जाणारे सैन्य सर्वच बरोबर नेत नाही. जमीन मागे राहते, धावपट्ट्या, धक्के, गोदामे व बराकी मागे राहतात, आणि यंत्रांवर हात बसलेले कारागीर मागे राहतात. नियोजनाचे सारे मर्म येथे आहे. मागे राहिलेल्या ह्या मालमत्तेला नवे धनी आणि नवे गिऱ्हाईक मिळवून द्यावयाचे, आणि तेही ती गंजून जाण्यापूर्वी अथवा चोरीस जाण्यापूर्वी. हे काम वेळेत झाले तर काय होते आणि न झाले तर काय होते, हे फिलिपाइन्स देशातील दोन तळांनी शेजारी शेजारी दाखवून दिले आहे.

सुबिक आणि क्लार्क

फिलिपाइन्समधील लूझोन बेटावर अमेरिकेचे दोन प्रचंड तळ होते. क्लार्क हा विमानदळाचा आणि सुबिक उपसागरातील तळ हा आरमाराचा. १९४७ सालच्या कराराने ते अमेरिकेकडे राहिले. सुबिकला लागून असलेले ओलोंगापो हे शहर तर १९५९ सालापर्यंत अमेरिकन आरमाराच्याच कारभाराखाली होते. सुमारे दोन लाख वस्तीच्या ह्या शहराचा मुख्य रस्ता खलाशांच्या खर्चावर चालत असे.

जून १९९१ मध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा भयंकर स्फोट झाला. क्लार्कचा तळ त्यापूर्वी थोडेच दिवस घाईने रिकामा करण्यात आला होता. तो राखेखाली सापडला. अमेरिकेने तो पुन्हा चालू न करता त्याच वर्षी २६ नोव्हेंबरला फिलिपाइन्स सरकारच्या हवाली केला. तत्पूर्वी १६ सप्टेंबरला त्या देशाच्या सिनेटने तळांची मुदत वाढविण्याचा नवा तह १२ विरुद्ध ११ मतांनी नामंजूर केला होता. तेव्हा सुबिकही जाणार हे ठरले.

क्लार्क ताब्यात आला तेव्हा त्याची राखण करण्यास कोणतीही स्थानिक संस्था सिद्ध नव्हती. परिणामी तेथे लूट झाली. छपरांचे पत्रे, विजेच्या तारा, नळ, दारे-खिडक्या, जे हलविता येईल ते हलविले गेले. ज्या इमारतींत उद्या कारखाना उभा राहावयाचा, त्यांचे सांगाडे उरले. पुढे १९९३ साली तेथे विशेष आर्थिक क्षेत्र जाहीर झाले व कालांतराने क्लार्कही सावरले. परंतु आरंभीची झीज व्हावयाची ती होऊन गेली होती.

सुबिकला ह्या लुटीचा धडा डोळ्यांसमोर होता आणि हाती वर्षभराहून थोडा अधिक अवधी होता. तो अवधी ओलोंगापोने वाया दवडला नाही. महापौर रिचर्ड गॉर्डन व त्यांच्या सहकाऱ्यांनी राजधानीत खटपट केली आणि मार्च १९९२ मध्ये तळांच्या रूपांतराचा कायदा झाला. त्या कायद्याने सुबिकला मुक्त बंदराचा दर्जा मिळाला व कारभारासाठी एक स्वतंत्र प्राधिकरण स्थापन झाले. करांची मांडणी सोपी ठेवण्यात आली. क्षेत्रात आणलेल्या मालावर जकात नाही, आणि इतर करांऐवजी ढोबळ उत्पन्नाच्या शेकडा ५ एवढा भार. त्या पाचातही शेजारच्या गावांचा वाटा कायद्यातच राखून ठेवला गेला, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे.

२४ नोव्हेंबर १९९२ रोजी शेवटचे अमेरिकन जहाज बंदरातून बाहेर पडले. त्या वेळी सुमारे आठ हजार नागरिक बिनपगारी स्वयंसेवक म्हणून तळावर उभे राहिले. नोकऱ्या गेलेले कामगार, दुकानदार व त्यांच्या घरच्या बायका यांनी फाटकांवर पहारा केला, गवत कापले, इमारती झाडून स्वच्छ ठेवल्या. सुबिकचा खिळाही गेला नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु धक्के, गोदामे व विमानतळ शाबूत राहिले, आणि गुंतवणूकदार आला तेव्हा त्याला दाखविण्यासारखे काही तरी होते. १९९५ साली एका मोठ्या अमेरिकन हवाई टपाल कंपनीने आपले आशियाचे केंद्र तेथे उघडले. १९९६ साली आशिया-प्रशांत राष्ट्रांच्या प्रमुखांची परिषद तेथेच भरली. पुढे त्या क्षेत्रातील कामगारांची संख्या लाखाच्या वर गेली.

सुबिकची दुसरी बाजू

एवढ्यावर गोष्ट संपविली तर ती अपुरी ठरेल. १९९८ साली देशाचे राष्ट्राध्यक्ष बदलले व प्राधिकरणावर नवे अध्यक्ष नेमले गेले. गॉर्डन यांनी जागा सोडण्यास नकार दिला आणि सुमारे दोन महिने तळावर तंटा चालला. बाहेरच्या गुंतवणूकदाराला असा तंटा आवडत नाही. ज्या संस्थेचा कारभार एका कर्त्या पुरुषाच्या नावावर चालतो, तिचा पाया त्या पुरुषाच्या जाण्याने हलतो. आपल्या पेढ्यांच्या अनुभवावरूनही हे आपणांस ठाऊक आहे.

त्याहून मोठा धडा पुढे मिळाला. हवाई टपालाचे ते केंद्र २००९ साली उठून चीनमधील ग्वांगझौ येथे गेले. दरम्यान एका कोरियन कंपनीने सुबिकला प्रचंड जहाज-कारखाना उभारला होता व त्यावर हजारो कामगार पोसले जात होते. ती कंपनी कर्जात बुडाली आणि जानेवारी २०१९ मध्ये तिने न्यायालयाकडे धाव घेतली. तेथील बँकांची चाळीस कोटी डॉलरांवर रक्कम अडकली. २०२२ साली तो कारखाना दुसऱ्या धन्याकडे गेला, तरी मधल्या काळात हजारो घरांची चूल मंदावली. आरमार गेले म्हणून जे शहर रडले, तेच शहर पुन्हा एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या आधाराने उभे राहावयास लागले होते. एक खांब काढून दुसरा एकच खांब लावला, तर घर पूर्वीइतकेच धोक्यात राहते.

पीज : अनेक लहान गिऱ्हाइके

ह्याच्या जोडीला अमेरिकेतील एक उदाहरण पाहण्यासारखे आहे. आपल्याच देशातील तळ बंद झाले की त्या त्या गावाला मदत करण्यासाठी अमेरिकन संरक्षण खात्याने १९६१ सालीच एक स्वतंत्र कचेरी काढली होती. १९८८ नंतर तेथे तळ बंद करण्याच्या अनेक फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीतील पीज हा विमानदळाचा तळ न्यू हॅम्पशायर राज्यात पोर्ट्समथ शहराजवळ होता; तो मार्च १९९१ मध्ये बंद झाला.

तळ बंद होण्यापूर्वीच, १९९० साली, राज्य विधिमंडळाने विकास प्राधिकरण स्थापन केले व त्यात राज्याबरोबर शेजारच्या दोन्ही गावांना प्रतिनिधित्व दिले. जमिनीची विभागणीही विचारपूर्वक झाली. विमानतळ मुलकी वापरासाठी राहिला, एक भाग उद्योगांना भाडेपट्ट्याने दिला गेला, आणि हजार एकरांहून अधिक जमीन वन्य पशुपक्ष्यांसाठी राखली गेली. १९९४ साली अमेरिकन सरकारचे राष्ट्रीय व्हिसा केंद्र ह्याच जागी सुरू झाले. आपल्यापैकी ज्यांची मुले वा भाऊ अमेरिकेस स्थायिक झाले आहेत, त्यांच्या घरी पोर्ट्समथच्या पत्त्याचे पत्र आले असेल. ते ह्या जुन्या विमानतळावरून आले होय. एकच प्रचंड कारखाना न आणता शेकडो लहानमोठ्या कंपन्या तेथे वसविल्या गेल्या आणि दहा हजारांवर लोकांना काम मिळाले.

तेथेही एक उणीव राहिलीच. लष्करी विमानतळावर आग विझविण्यासाठी वापरलेल्या फेसातील रसायने जमिनीत मुरली होती. मे २०१४ मध्ये तेथील एक मोठी पाणीपुरवठ्याची विहीर त्यामुळे बंद करावी लागली. जुन्या तळाची जमीन फुकट मिळाली तरी ती निर्मळ असतेच असे नाही. ताबा घेण्यापूर्वी माती व पाणी तपासून घेणे आणि शुद्धीकरणाचा खर्च कोणी सोसावयाचा हे लेखी ठरविणे, हा सौद्याचाच भाग मानला पाहिजे.

आपण काय घ्यावे

ह्या उदाहरणांवरून नियोजनाचा क्रम स्पष्ट होतो. पहिली गोष्ट, बातमी कळताच गाव, व्यापारी, कामगार व सरकार यांची मिळून एकच अधिकृत संस्था उभी करावी. चार समित्या चार दिशांना ओढू लागल्या तर नवा गिऱ्हाईक पाचव्या गावी जातो. दुसरी गोष्ट, मागे राहणाऱ्या प्रत्येक इमारतीची, यंत्राची व जमिनीची यादी करावी आणि तिच्या राखणीची व्यवस्था पहिल्या दिवसापासून ठेवावी. तिसरी गोष्ट, कारागिरांना नव्या कामाचे शिक्षण सैन्य असतानाच द्यावे, गेल्यावर नव्हे. चौथी गोष्ट, जमीन एकाच्या हाती न देता अनेक प्रकारच्या वापरांसाठी वाटावी. पाचवी, जमिनीच्या शुद्धतेची खात्री करावी.

हे झाले गावाचे काम. व्यापाऱ्याचे काम मात्र आजपासूनच सुरू होऊ शकते, आणि त्यास कोणत्याही हुकुमाची वाट पाहण्याचे कारण नाही. दिवाळीला नव्या वह्यांचे पूजन करताना प्रत्येक सभासदाने जुन्या खतावणीवरून एक हिशेब काढावा. आपल्या वर्षाच्या विक्रीतील किती भाग एकाच तिजोरीतून आला? ती तिजोरी छावणीची असो, गिरणीची असो, साखर कारखान्याची असो वा सरकारी कचेरीची असो. तो भाग निम्म्याहून अधिक असेल, तर भरभराटीच्या दिवसांतच नफ्याचा काही हिस्सा दुसऱ्या धंद्याच्या पायाभरणीस लावावा, नवे भाडेकरार करताना मुदतीचा विचार करावा, आणि त्या बाजूची उधारी लांबू देऊ नये. अशा हिशेबांची बेरीज आपल्या संघाने एकत्र केली, तर कोणत्या पेठेवर किती धोका आहे हे वेळेआधी कळेल आणि सरकारदरबारी बोलताना आपल्या हाती आकडे असतील.

ओलोंगापोच्या लोकांना चौदा महिने मिळाले. क्लार्कच्या शेजाऱ्यांना तेवढेही मिळाले नाहीत. आपणांपैकी कोणाला किती अवधी मिळेल हे आज कोणी सांगू शकत नाही. म्हणूनच हा हिशेब येत्या दिवाळीपर्यंत करून ठेवावा, एवढी सर्व सभासद बंधूंना नम्र विनंती आहे.