मटाराची थंड कोशिंबीर : पंगतीची चव, पंगतीचे गणित

बदली हा बँकेच्या नोकरीचा अविभाज्य भाग आहे. कोल्हापूर किंवा नाशिक येथून कर्नाटकात बदलून आलेले कुटुंब भांड्यांची खोकी उघडून स्थिरस्थावर होते न होते, तोच संक्रांतीचे हळदीकुंकू, एखादे डोहाळजेवण किंवा सत्यनारायणाची पूजा दाराशी येऊन उभी राहते. शेजारी नवे, बाजार नवा, भाषाही नवी. अशा वेळी वीस-पंचवीस पाहुण्यांसाठी आदल्या दिवशी तयारी करून ठेवता येईल, गॅसशेजारी ताटकळावे लागणार नाही आणि लहानथोरांना सारखाच रुचेल, असा पदार्थ प्रत्येक गृहिणीला आणि हल्ली स्वयंपाकघरात तेवढ्याच उत्साहाने वावरणाऱ्या गृहस्थांनाही हवा असतो. दाट दह्यातील मटाराची थंड कोशिंबीर हे या गरजेचे एक उत्तम उत्तर आहे. मात्र हा पदार्थ दिसतो तितका निष्काळजीपणे करण्याजोगा नाही. त्यामागील शास्त्र समजून घेतल्यास चव साधते आणि पाहुण्यांचे आरोग्यही सुरक्षित राहते.

होसकोटे आणि मराठी माणूस

बंगळूरच्या पूर्वेला सुमारे २५ ते ३० किलोमीटरवर कोलारच्या वाटेवर होसकोटे हे तालुक्याचे गाव आहे. ‘होस’ म्हणजे नवा आणि ‘कोटे’ म्हणजे कोट. सोळाव्या शतकाच्या अखेरीस सुगटूरचे पाळेगार तम्मेगौडा यांनी येथे किल्ला बांधला आणि या ‘नव्या कोटा’वरून गावाला नाव मिळाले. मराठी वाचकाला या गावाविषयी आपलेपणा वाटावा असे आणखी एक कारण आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतल्यानंतर शहाजीराजांना या प्रदेशाची जहागीर मिळाली. त्या जहागिरीत बंगळूरबरोबर होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर आणि शिरे यांचाही समावेश होता. पुढे मुंबई-पुणे-बंगळूर-चेन्नई हा जुना राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ४ याच गावावरून गेला. १९९८ मध्ये व्होल्वोचा कारखाना येथे सुरू झाला, इतरही उद्योग आले आणि नोकरीच्या निमित्ताने देशाच्या सर्व भागांतील कुटुंबे या परिसरात राहू लागली.

या नव्या रहिवाशांना येथील भाजीबाजारात प्रारंभी थोडा गोंधळ अनुभवावा लागतो. मटाराला कन्नडमध्ये ‘बटाणी’ म्हणतात. हिवाळ्यात ज्या शेंगांचे ढीग सर्वत्र दिसतात आणि ज्यांच्यासाठी बंगळूरच्या व्ही. व्ही. पुरम भागात दरवर्षी मोठा मेळा भरतो, ती ‘अवरेकायी’ मात्र मटार नसून आपल्या पावट्याची बहीण आहे. तिचे दाणे नीट शिजवूनच खावे लागतात. मटारासारखे एक-दोन मिनिटे पाण्यातून काढून ते कोशिंबिरीत घालणे योग्य नाही. खरेदी करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

कोशिंबीर आणि कोसंबरी

मराठी ‘कोशिंबीर’ आणि कन्नड ‘कोसंबरी’ या शब्दांतील साम्य सहज कानाला जाणवते. कोसंबरीत भिजवलेली मूगडाळ, काकडी, ओले खोबरे, लिंबू आणि मोहरीची फोडणी असते. आपल्या कोशिंबिरीत दही आणि दाण्याचे कूट यांचा वावर अधिक. अमेरिकेतही थंड मटाराचे सॅलड घरगुती मेळाव्यांत लोकप्रिय आहे. मटार, कांदा, चीज आणि भरपूर मेयोनीज किंवा आंबट साय असे त्याचे स्वरूप असते. प्रत्येक कुटुंबाने एकेक पदार्थ घेऊन जाण्याची ‘पॉटलक’ पद्धत तेथील मराठी मंडळींनीही आपलीशी केली आहे.

तथापि, मेयोनीजविषयी एक सावधगिरी आवश्यक आहे. पारंपरिक मेयोनीज कच्च्या अंड्यापासून तयार होते आणि त्यातून साल्मोनेला जिवाणूंचा प्रादुर्भाव होऊ शकतो. याच कारणास्तव कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर २०२३ मध्ये केरळने, २०२४ मध्ये तेलंगणाने आणि २०२५ मध्ये तमिळनाडूने निर्बंध घातले. आपल्या घरचे टांगून दाट केलेले दही हा त्यावरील सुरक्षित, स्वस्त आणि चविष्ट पर्याय आहे.

दाणा गोड का लागतो?

मटार हे थंड हवामानाचे पीक आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवरील बंगळूर परिसराचा सौम्य हिवाळा त्याला मानवतो. बंगळूरजवळ हेसरघट्टा येथे असलेल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का अजित’सारखे भुरी व तांबेरा या रोगांना तोंड देणारे वाण विकसित केले आहेत. महाराष्ट्रात पुरंदर तालुक्याचा मटार पुण्याच्या बाजारात विशेष ओळखला जातो, हे अनेक वाचकांना ठाऊक असेलच.

मटाराच्या गोडीमागे विज्ञानाच्या इतिहासातील एक सुंदर प्रकरण दडलेले आहे. ग्रेगोर मेंडेल या धर्मगुरूने १८५६ ते १८६३ या काळात मटारावर प्रयोग करून आनुवंशिकतेचे नियम शोधले. गोल बी आणि सुरकुतलेले बी हा त्याने अभ्यासलेल्या लक्षणांपैकी एक भेद होता. पिष्टमय पदार्थ तयार करणाऱ्या एका विकराच्या जनुकात बिघाड असल्यामुळे बी सुरकुतते, हे १९९० मध्ये स्पष्ट झाले. अशा दाण्यात साखरेचे पिष्टात रूपांतर कमी होते, म्हणून तो अधिक गोड लागतो. मेंडेलच्या दृष्टीने जे केवळ एक लक्षण होते, ते खवय्याच्या दृष्टीने गुणच ठरले.

ही गोडी टिकाऊ मात्र नसते. शेंग तोडल्यापासून दाण्यातील साखर पिष्टात बदलू लागते आणि उष्णतेत हा वेग वाढतो. म्हणून शेंगा शक्य तो कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी घ्याव्यात आणि लगेच सोलाव्यात. शेंग हिरवी, तकतकीत आणि भरलेली असावी. पिवळट, सैल सालीची शेंग जून असते. एक किलो शेंगांतून साधारणपणे ४०० ते ४५० ग्रॅम दाणे निघतात, हे खरेदीचा हिशेब मांडताना विसरू नये.

हंगाम नसेल तर गोठवलेला मटार घ्यावा. अमेरिकेत क्लॅरेन्स बर्ड्सआय याच्या जलद गोठवण्याच्या पद्धतीने तयार झालेले पदार्थ १९३० मध्ये किरकोळ विक्रीस आले, त्यांत मटारही होता. हा मटार काढणीनंतर लवकरच गोठवला जात असल्यामुळे त्याची गोडी पुष्कळ अंशी टिकते. तोही एकदा उकळत्या पाण्यातून काढूनच वापरावा. वाळलेले वाटाणे भिजवून ‘ताजा मटार’ म्हणून विकले जात असल्याची शंका आल्यास एक सोपी कसोटी आहे. काचेच्या पेल्यातील पाण्यात थोडे दाणे घालून ढवळावेत आणि अर्धा तास ठेवावेत. पाण्यास हिरवा रंग आला, तर दाण्यांना कृत्रिम रंग लावलेला आहे असे समजावे.

पंचवीस जणांसाठी प्रमाण

प्रत्येकी सुमारे १०० ग्रॅम कोशिंबीर धरून पुढील साहित्य पुरेसे होते :

सोललेले मटार सव्वा किलो (शेंगा सुमारे तीन किलो). घट्ट दही दीड किलो. ताजी साय किंवा क्रीम १५० ग्रॅम. बिया काढलेली काकडी ३०० ग्रॅम. खवलेला ओला नारळ १०० ग्रॅम. हिरव्या मिरच्या चार-पाच. किसलेले आले एक चमचा. मीठ २० ग्रॅम. साखर १५ ग्रॅम. कोथिंबीर एक जुडी. फोडणीसाठी दोन मोठे चमचे तेल, मोहरी, हिंग आणि कढीपत्ता. वरून पेरण्यासाठी भाजलेल्या शेंगदाण्याचे जाडसर कूट वाटीभर.

पाहुणे पन्नास असल्यास सर्व जिन्नस दुप्पट करावेत. अपवाद दोन : मिरची आणि मीठ. ही दीडपट घालून चव पाहावी आणि मगच वाढवावीत. खात्यात जमा करणे नेहमीच शक्य असते. एकदा पडलेले मीठ मात्र परत काढता येत नाही.

कृती आणि तिची कारणे

पहिली पायरी दह्याची. दीड किलो दही स्वच्छ मलमलच्या कापडात बांधून, खाली भांडे ठेवून, फ्रिजमध्येच तीन-चार तास निथळू द्यावे. श्रीखंडाच्या चक्क्याइतके कोरडे होण्याची आवश्यकता नाही. साधारण ८०० ग्रॅम दाट दही हाती आले की पुरे. निथळलेले पाणी फेकू नये, ते कणीक भिजवण्यास किंवा कढीत उपयोगी पडते. दही फार आंबट नसावे. नंदिनीच्या पिशवीतील ताजे दही किंवा घरी रात्री विरजलेले दही दोन्ही चालते.

दुसरी पायरी मटाराची. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळ उकळून त्यात मीठ घालावे आणि दाणे थोडे थोडे करून टाकावेत. कोवळे दाणे दोन मिनिटांत, जरा जून दाणे तीन-चार मिनिटांत तयार होतात. पातेल्यावर झाकण ठेवू नये. दाण्यातील हरितद्रव्याच्या केंद्रस्थानी मॅग्नेशियम असते. आम्ल आणि दीर्घकाळची उष्णता यांमुळे ते निघून जाते व दाणा शेवाळी, मळकट दिसू लागतो. झाकण नसल्यास भाजीतील उडून जाणारी आम्ले वाफेबरोबर बाहेर पडतात. रंग टिकावा म्हणून खाण्याचा सोडा घालण्याची प्रथा आहे, परंतु सोड्याने दाणा लिबलिबीत होतो आणि त्यातील जीवनसत्त्वे नष्ट होतात. बोअरवेलच्या जड पाण्यातील कॅल्शियममुळे दाण्याची साल कडक राहते, म्हणून शक्य असल्यास पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे.

तिसरी पायरी थंड करण्याची. उकडलेले दाणे चाळणीत ओतून ताबडतोब बर्फाच्या पाण्यात बुडवावेत. त्यामुळे शिजण्याची क्रिया थांबते आणि रंग स्थिर होतो. हा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असावा, कारण यानंतर दाणे पुन्हा शिजणार नाहीत. गार झालेले दाणे स्वच्छ कापडावर पसरून पूर्ण कोरडे करावेत. बहुतेक कोशिंबिरी पाणचट होतात त्या याच टप्प्यावरील घाईमुळे. काकडीचे बारीक तुकडे करून त्यांना चिमूटभर मीठ लावावे आणि दहा मिनिटांनी सुटलेले पाणी पिळून टाकावे.

चौथी पायरी फोडणीची. तेलात मोहरी तडतडली की हिंग, कढीपत्ता आणि मिरची घालून गॅस बंद करावा. फोडणी पूर्ण गार होऊ द्यावी. गरम फोडणीने दाट दही फाटून पाणी सुटते.

शेवटची पायरी एकत्रीकरणाची. मटार, दही, फोडणी आणि काकडी वेगवेगळ्या झाकणबंद डब्यांत फ्रिजमध्ये आदल्या दिवशी ठेवता येतात. पाहुणे येण्यापूर्वी तास-दीड तास अगोदर दही आणि साय हलक्या हाताने फेटून त्यात साखर, आले, नारळ, मटार, काकडी आणि फोडणी मिसळावी. मीठ अगदी शेवटी घालावे. दह्यातील आम्ल मटाराचा रंग हळूहळू उतरवते, म्हणून सकाळी कालवून रात्री वाढणे टाळावे. कूट आणि कोथिंबीर वाढतानाच पेरावी. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यांचा विचार करून कूट वेगळ्या वाटीत ठेवणे अधिक उचित.

थंड म्हणजे किती थंड?

या पदार्थाची खरी परीक्षा चवीपेक्षा तापमानात आहे. अन्नातील घातक जिवाणू ५ ते ६० अंश सेल्सिअस या दरम्यान झपाट्याने वाढतात. थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावा, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. फ्रिजबाहेर काढलेली कोशिंबीर दोन तासांच्या आत संपवावी. हवा ३२ अंशांच्या वर असेल, तर हा अवधी एका तासावर आणावा. काही जिवाणूंनी निर्माण केलेले विष गरम केल्यानेही नाहीसे होत नाही आणि अशा अन्नाला वास येईलच असेही नाही. पंगतीत आजीआजोबा, लहान मुले आणि डोहाळजेवणाची तर साक्षात उत्सवमूर्तीच असते. अन्नबाधेचा सर्वाधिक धोका नेमका यांनाच असतो.

त्यासाठी काही साधे नियम पाळावेत. कोशिंबीर दोन भांड्यांत विभागावी. एक वाढायला घ्यावे, दुसरे फ्रिजमध्येच ठेवावे. पहिले संपले की दुसरे बाहेर काढावे, पण जुन्या भांड्यातील उरलेल्या कोशिंबिरीत नवी कोशिंबीर कधीही मिसळू नये. वाढण्याचे भांडे बर्फ भरलेल्या परातीत ठेवल्यास थंडावा टिकतो. सभागृहात न्यायची असल्यास बर्फाच्या पिशव्यांसह जाड झाकणाच्या खोक्यातून न्यावी. वीज गेल्यास फ्रिजचे दार उघडू नये. बंद दाराआड थंडावा सुमारे चार तास टिकतो. मिसळण्यापूर्वी साबणाने हात धुणे आणि हाताला जखम असलेल्या व्यक्तीने हे काम न करणे, ही खबरदारी तर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोलाची. दोन तासांहून अधिक काळ बाहेर राहिलेली कोशिंबीर ‘वाया कशाला घालवायची’ म्हणून दुसऱ्या दिवसासाठी ठेवणे ही बचत नव्हे.

पौष्टिकतेच्या दृष्टीनेही हा पदार्थ सरस आहे. १०० ग्रॅम हिरव्या मटारात सुमारे ५ ग्रॅम प्रथिने आणि तितकाच तंतुमय भाग असतो, शिवाय ‘क’ जीवनसत्त्व मिळते. दह्याची प्रथिने व कॅल्शियम त्यात भर घालतात.

परक्या गावी पहिल्या हळदीकुंकवाला शेजारीण येते, वाटीतील हिरवीगार, गार कोशिंबीर चाखते आणि कुतूहलाने विचारते, की ही कोसंबरी कशी केली? तेवढ्या एका प्रश्नाने ओळखीचे खाते उघडते. पुढच्या आठवड्यात तिच्या घरून अवरेकायीची उसळ येते. मग होसकोटे केवळ बदलीचे ठिकाण राहत नाही, ते घराचे गाव होते.