विश्लेषण : कायद्यात ४ टक्के, मग दिव्यांगांची नोकरी अडते कुठे?

सरकारी भरतीची जाहिरात निघाली की आरक्षणाच्या तक्त्यात ‘दिव्यांग’ असा एक रकाना असतो. रत्नागिरीसारख्या जिल्ह्यात या रकान्याला वजन आहे. इथे मोठे कारखाने मोजकेच आणि बाकीचे तरुण मुंबईची वाट धरतात. लोकलच्या गर्दीत शिरणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी जिल्हा परिषद, तहसील कार्यालय, शाळा किंवा बँक हीच घराजवळची नोकरी. पण त्या रकान्यात प्रत्यक्षात किती जागा येतात आणि उमेदवार नेमका कुठे गळतो?

४ टक्के म्हणजे किती?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. १९९५ च्या जुन्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार आणि ३ टक्के आरक्षण होते. नव्या कायद्यात २१ प्रकार आणि किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी अपंगत्व किमान ४० टक्के असावे लागते. दृष्टिदोष, श्रवणदोष आणि अस्थिव्यंग या गटांना प्रत्येकी १ टक्का मिळतो. उरलेला १ टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून आहे.

हे आरक्षण समांतर असते. म्हणजे निवड झालेला उमेदवार खुला, ओबीसी, अनुसूचित जाती अशा आपापल्या प्रवर्गातच मोजला जातो. हिशेब साधा आहे, शंभर पदांमागे चार, म्हणजे २५ पदांमागे एक. गावपातळीवरच्या छोट्या कार्यालयात एखाद्या संवर्गात पाच-सहाच पदे असतात. तिथे दिव्यांगांचा क्रमांक यायला अनेक भरत्या जाव्या लागतात, आणि भरतीच झाली नाही तर टक्केवारी कागदावरच राहते.

कायद्यातली एक तरतूद मात्र फारशी कुणी सांगत नाही. योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणून दिव्यांगांची जागा लगेच दुसऱ्याला देता येत नाही. ती पुढच्या वर्षी न्यावी लागते. तेव्हाही उमेदवार नसेल तर आधी दिव्यांगांच्याच दुसऱ्या गटाला द्यावी लागते आणि त्यानंतरच इतरांचा विचार होतो. त्यामुळे जुन्या जाहिरातीतल्या न भरलेल्या जागांचे पुढे काय झाले, हे माहिती अधिकारात विचारणे उमेदवाराच्या फायद्याचे ठरते.

निवड होऊनही नकार?

कोणते पद कोणत्या प्रकारच्या दिव्यांग व्यक्तीला करता येईल, हे सरकार आधी ठरवते. याला पदांची सुनिश्चिती म्हणतात. केंद्राने ४ जानेवारी २०२१ रोजी अशा ३,५६६ पदांची यादी जाहीर केली. हेतू चांगला असला तरी यादीत आपला प्रकार नसेल तर गुण मिळवूनही दार बंद होते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांचे उदाहरण यासाठी महत्त्वाचे आहे. लहानपणीच दृष्टी गेलेल्या पाटील यांनी यूपीएससी परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवला. त्यांना रेल्वे लेखा सेवा मिळणार होती, पण पूर्ण अंधत्वाचे कारण देत नियुक्ती नाकारली गेली. पुढच्या प्रयत्नात १२४ वा क्रमांक मिळवून त्या आयएएस झाल्या. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्यांनी तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी पदाची सूत्रे घेतली. लेखा सेवेत ज्यांना नकार मिळाला, त्यांच्याकडे तीन-चार वर्षांतच एका उपविभागाचा कारभार होता.

प्रमाणपत्राचा फेरा

या सगळ्याच्या आधी लागतो तो यूडीआयडी, म्हणजे वैश्विक ओळखपत्र. अर्ज ऑनलाइन होतो, तपासणी मात्र प्रत्यक्षच द्यावी लागते. मंडणगड ते रत्नागिरी हे अंतर शंभर किलोमीटरहून बरेच अधिक आहे. व्हीलचेअरवरच्या माणसाला जिल्हा रुग्णालयात यायचे तर एसटी सोयीची नाही, म्हणजे खासगी गाडीचे भाडे आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी. २०२४ मध्ये एका प्रशिक्षणार्थी सनदी अधिकाऱ्याच्या प्रमाणपत्रावरून गदारोळ झाल्यापासून पडताळणी कडक झाली. ती आवश्यकच होती, पण खऱ्या उमेदवाराची खेप वाढू नये, एवढी काळजी यंत्रणेने घ्यायला हवी.

खासगी कंपन्यांना सक्ती आहे का?

नाही. कर्मचाऱ्यांत किमान ५ टक्के दिव्यांग असावेत म्हणून सरकारने प्रोत्साहन द्यावे, एवढेच कायदा म्हणतो. २० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करावे, असा नियम आहे. मुलाखतीला जाण्याआधी ते धोरण मागून पाहता येते.

पगार घेतला तर अनुदान जाते?

घरोघरी अडणारा प्रश्न हा आहे. संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान २०२५ मध्ये दरमहा २,५०० रुपये करण्यात आले. त्यासाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५० हजार रुपये आहे, म्हणजे महिन्याला साधारण ४,१६६ रुपये. समजा, काजू कारखान्यात ८ हजारांचे काम मिळाले, तर मर्यादा ओलांडली जाते. हंगाम संपला, काम गेले की अनुदानासाठी पुन्हा उत्पन्नाचा दाखला, पुन्हा अर्ज. अशा वेळी ‘नको ते काम’ म्हणणाऱ्या कुटुंबाला आळशी ठरवणे सोपे आहे, पण त्यांचा हिशेब चुकीचा नाही.

स्वतःचा व्यवसाय करायचा तर?

पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमात दिव्यांग विशेष प्रवर्गात येतात. ग्रामीण भागात त्यांचा स्वहिस्सा ५ टक्के आणि अनुदान ३५ टक्के असते. म्हणजे १० लाखांच्या काजू प्रक्रिया उद्योगात स्वतःचे ५० हजार, बँकेचे कर्ज साडेनऊ लाख आणि अनुदान साडेतीन लाख. हे अनुदान हातात पडत नाही. ते तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते आणि मग कर्जात वळते होते, हे आधीच समजून घेतलेले बरे. चौकशी जिल्हा उद्योग केंद्रात करता येते. ग्रामपंचायतींनीही स्वउत्पन्नाचा ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गेल्या वर्षी तो कशावर खर्च झाला, हे ग्रामसभेत विचारता येते.

सरकारी कार्यालयात डावलले गेल्यास तिथल्याच तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करायची असते. तिथे दाद मिळाली नाही तर पुण्यातील दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाता येते. तक्रारीसोबत जाहिरात, अर्जाची पोच आणि प्रमाणपत्राची प्रत जोडावी.