दिव्यांगांचे मत: कायदा आणि पायरी

मतदान केंद्र तळमजल्यावर असते, पण शाळेच्या दाराशी दोन-तीन पायऱ्या असल्या की व्हीलचेअर तिथेच अडते. प्रत्येक केंद्र सुगम असावे, असे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम ११ सांगते.

मतदानयंत्राच्या बटणांशेजारी ब्रेल आकडे असतात. त्यामुळे दृष्टिहीन मतदार स्वतः मत देऊ शकतो. मात्र मत कोणाला गेले हे दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्राची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसते. ती त्याला वाचता येत नाही. सोबती नेता येतो, पण मग गुप्तता त्याच्या भरवशावर.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना घरून मतदानाची सोय मिळाली. त्यासाठी अधिसूचनेनंतर पाच दिवसांत १२-डी अर्ज द्यावा लागतो. घरात असा मतदार असेल, तर ही मुदत चुकवू नका.