सायकल चालवताना पायात काय असावे?



सायकल विकत घेताना आपण चार दुकाने हिंडतो. टायर दाबून पाहतो, घंटी वाजवून पाहतो, कॅरियरवर किती ओझे राहील याचा अंदाज घेतो. पण ज्या पायांनी ती सायकल चालवायची, त्या पायांत काय घालावे याचा विचार फारसे कोणी करीत नाही. घरात जे पायताण असेल ते अडकवायचे आणि निघायचे, अशीच आपली रीत.

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. नीरा डाव्या कालव्याच्या कडेच्या रस्त्याने मी चाललो होतो. पुढे शाळेत जाणारी एक मुलगी सायकलवर होती. समोरून उसाने भरलेली ट्रॉली आली. मुलीने ब्रेक दाबला आणि पाय टेकवायला गेली, तोच पायातली चप्पल मुडपून पायडलखाली अडकली. मुलगी सायकलसकट आडवी झाली. नशीब एवढेच, की ती कालव्याच्या भरावाकडे पडली. दुसऱ्या अंगाला पडती तर काय झाले असते, ते लिहवत नाही. गुडघा फुटला, एवढ्यावर निभावले.

मी ती चप्पल हातात घेऊन पाहिली. मुलीच्या पायापेक्षा चांगली दोन बोटे मोठी होती. तिला घरी पोचवले तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, पोरीचा पाय वाढता आहे. मापाची घ्यायची म्हटलं तर दर वर्षी कुठनं आणायची?"

प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठीच हा लेख.

शर्यतीचे बूट आपले नव्हेत

सायकल शर्यतीतले खेळाडू ज्या बुटांनी सायकल चालवतात, त्यांच्या तळाला एक खटका असतो. तो पायडलमध्ये अडकतो आणि बूट पायडलला जखडला जातो. फ्रान्समधील लूक या कंपनीने बर्फावर घसरण्याच्या खेळातील पट्ट्यांवरून ही युक्ती घेतली व १९८४ साली असे पायडल बाजारात आणले. पुढच्याच वर्षी बर्नार्ड इनो या खेळाडूने ते वापरून फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत जिंकली. तेव्हापासून शर्यतीत त्याचा प्रसार झाला.

आपल्याला मात्र वाटेत दहा वेळा उतरावे लागते. कुठे शेळ्या आडव्या येतात, कुठे दारे धरलेल्या रानाचे पाणी रस्त्यावर आलेले असते. तेव्हा आपले साधे, सपाट, रबरी ठोकळ्यांचे पायडलच बरे. पण त्यावर पाय धरून ठेवण्याचे सगळे काम पायताणालाच करावे लागते, हे विसरू नये.

पायताण कसे पारखावे?

पायडल दाबायचे ते चवड्याने. बोटांच्या मागचा रुंद भाग पायडलच्या आसावर यावा. पुष्कळ जण तळव्याच्या मधल्या खोलगट भागाने पायडल मारतात. त्याने पोटरी आणि गुडघा भरून येतो. चवडा आसावर ठेवला, की पुढच्या गोष्टी आपोआप कळतात.

१) तळ घट्ट हवा. पातळ रबरी स्लीपरमधून पायडलच्या कडा तळव्याला टोचतात. दोन-तीन मैलांत पायाला मुंग्या येतात. दुकानात बूट हातात घेऊन वाकवून पाहा. तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मध्येच कागदासारखा दुमडू नये.

२) तळ सपाट व पकड घेणारा असावा. अगदी गुळगुळीत तळ ओल्या पायडलवरून सटकतो. उलट फार खोल खाचा असलेल्या तळात आपली काळी चिकट माती भरते आणि तोही घसरतो. बारीक नक्षीचा रबरी तळ उत्तम.

३) टाच बांधलेली हवी. ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मागून मोकळी चप्पल धरून ठेवण्यासाठी बोटे सतत आवळावी लागतात. त्यामुळे पाय दमतो आणि ऐन वेळी चप्पल निसटते.

४) बोटे झाकलेली असावीत. बाभळीची फांदी, दगड, रस्त्यावर सांडलेली उसाची कांडी यांपासून नख वाचते.

५) नाड्या लांब सोडू नयेत. उजवीकडच्या साखळीत नाडी गुंतली, की सायकल जागच्या जागी थांबते आणि आपण पुढे जातो. नाडीची टोके बुटात खोचावीत. विजारीचा उजवा पायही वर दुमडावा.

एकंदरीत, शाळकरी मुलांचे कॅनव्हासचे बूट किंवा मागे पट्टा असलेली जाड तळाची सँडल हे आपल्या कामाला पुरेसे आहेत. टायरच्या तळाची चप्पल जिरायत भागातल्या काट्याकुट्यांत फार उपयोगी. तिचा तळ पायडलवरही चांगला घट्ट लागतो. फक्त तिला मागून पट्टा हवा. कोल्हापुरी चप्पल देखणी खरी, पण तिचा चामड्याचा तळ ओल्या पायडलवर घसरतो. ती लग्नकार्याला राहू द्यावी. पाणी देताना घालायचे गमबूट जड व ढिले असतात. त्यांनी लांबवर सायकल मारू नये.

माप कसे घ्यावे?

आपल्याकडे बाजारात जाताना मुलाच्या पायाचे दोरीने माप नेतात. दोरीने लांबी कळते, रुंदी कळत नाही. त्यापेक्षा कागद जमिनीवर ठेवून त्यावर मुलाला उभे करावे आणि पेन्सिलीने पायाची कड आखावी. बसवून आखू नये. उभे राहिल्यावर पाय पसरतो. दोन्ही पाय आखावेत, कारण बहुधा ते सारखे नसतात. मोठ्या पायाचे माप धरावे. माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो.

सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहावी. वाढत्या पायाला एवढी मोकळीक पुरते. त्याहून मोठा बूट म्हणजे काटकसर नव्हे. आणि "चावतो, पण वापरून सैल होईल" असे दुकानदार म्हणाला, तरी चावणारा बूट घेऊ नये.

पावसाळा आणि पायांची निगा

ओल्या बुटात पाय दिवसभर राहिला, की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय धुऊन बेचक्या कोरड्या पुसाव्यात. बुटात वर्तमानपत्राचे बोळे भरून ते सावलीत वाळवावेत. चुलीजवळ ठेवल्यास चामडे तडकते आणि चिकटवलेला तळ सुटतो. मोजे सुती व रोज धुतलेले असावेत.

फवारणीला वापरलेले पायताण मात्र सायकलला किंवा शाळेला वापरू नये. कापडी बुटात औषध मुरते. फवारणीचे गमबूट वेगळे ठेवावेत.

ज्यांना मधुमेह आहे त्यांच्या पायाची जाणीव कमी झालेली असू शकते. खडा रुतलेला कळत नाही, फोड आलेला कळत नाही आणि जखम चिघळत जाते. अशा माणसाने अनवाणी सायकल चालवू नये आणि रात्री तळवे उजेडात पाहावेत. आणखी एक सवय घरात सर्वांनीच लावून घ्यावी. बूट घालण्यापूर्वी उलटा करून आपटावा. आत विंचू बसलेला असू शकतो.

पायडलकडेही पाहा

बूट चांगला आणि पायडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले, तर काय उपयोग? पायडलची जोडी बदलणे फार खर्चाचे काम नाही. घरी बदलणार असाल, तर डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे ध्यानात ठेवा. पाना वरच्या बाजूला धरून मागच्या चाकाकडे फिरवला, की दोन्ही पायडले सुटतात.

आता त्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. दर वर्षी नवे पायताण आणणे प्रत्येक घराला परवडेल असे नाही. पण अंगठ्याएवढी मोकळीक ठेवून मापाची चप्पल घ्यावी आणि आठवडे बाजारात बसणाऱ्या चर्मकाराकडून तिला मागून बक्कलचा पट्टा शिवून घ्यावा. पाय वाढेल तसा पट्टा एकेक भोक सैल करता येतो. धाकट्या भावंडाला ती चप्पल जाईल तेव्हा पुन्हा आवळता येतो.

मध्यंतरी ती मुलगी पुन्हा त्याच रस्त्याला भेटली. ट्रॉली येताना पाहून तिने सायकल बाजूला घेतली, पाय टेकवला आणि थांबली. तिच्या चपलेला मागून पट्टा होता.

आज संध्याकाळी आपल्या घरातल्या सायकलवाल्यांची पायताणे एकदा उलटी करून पाहा. त्यांना मागून पट्टा आहे का, तेवढे तपासा.