वरसाव्याचा पूल, वेसाव्याची मेट्रो

माझा एक आतेभाऊ विदर्भात असतो. मागच्या दिवाळीनंतर तो मुंबईला आला, घाटकोपरला मित्राकडे उतरला आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडे जेवायला यायचं ठरलं. आमचं घर घोडबंदर रस्त्यावर, काजूपाड्याच्या अंगाला. मी फोनवर पत्ता सांगितला, "वर्सोवा ब्रिजच्या अलीकडे." दीड तासाने फोन आला. "भाऊ, उतरलो मी वर्सोव्याला. पूल कुठी आहे बाप्पा?"

पूल तिथून पंचवीस-तीस किलोमीटरवर होता. भाऊसाहेब मेट्रोने अंधेरीच्या वर्सोव्याला जाऊन पोचले होते. त्याची चूक नव्हती. फोनमधला नकाशा त्याने नीट वाचला होता, मेट्रोच्या फलकावर देवनागरीत 'वर्सोवा' लिहिलेलं होतं, आणि मीही 'वर्सोवा'च म्हणालो होतो. मी 'वरसावे' म्हणालो असतो तर वरण निवलं नसतं.

अंधेरीच्या पश्चिमेला समुद्रकाठी आहे ते वेसावे. कोळ्यांचं जुनं गाव. तिथला माणूस स्वतःला वेसावकर म्हणवतो आणि कोळीगीतातली पारूही वेसावचीच आहे. इकडे मिरा-भाईंदरच्या टोकाला, ठाण्याहून येणारा घोडबंदर रस्ता जिथे अहमदाबाद महामार्गाला मिळतो, ते वरसावे. एकाला समोर अरबी समुद्र, दुसऱ्याच्या पाठीला राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि पुढ्यात वसईची खाडी. मराठीत ही दोन नावं कानाला कधीच सारखी लागत नाहीत. पहिलं 'वे'ने सुरू होतं, दुसरं 'वर'ने. इंग्रजीत मात्र दोन्हींचं स्पेलिंग एकच पडलं, आणि पुढे आपण त्या स्पेलिंगवरून आपलीच गावं परत देवनागरीत उतरवून घेतली. म्हणून 2014 च्या जूनमध्ये धावू लागलेल्या मेट्रोचं शेवटचं स्थानकही वर्सोवा, आणि 2023 मध्ये जुन्या पुलाशेजारी जो नवा पूल खुला झाला तोही बातम्यांमध्ये वर्सोवा पूल. मराठी वर्तमानपत्रं एका दिवशी 'वरसावे पूल' छापतात, दुसऱ्या दिवशी 'वर्सोवा पूल'. कोंडी तीच असते.

आता गंमत 'र'ची. वेसावे या शब्दात 'र' नाहीच. तो इंग्रजी स्पेलिंगमध्ये आला कुठून? दक्षिण इंग्लंडच्या बोलीत स्वरानंतरचा 'र' उच्चारत नाहीत. त्यांची 'कार' म्हणजे 'का' आणि 'पार्क' म्हणजे 'पाक'. त्यामुळे एखादा परका स्वर लांबवून दाखवायचा झाला की ते बिनदिक्कत पुढे 'आर' हे अक्षर ठेवून देतात. ब्रह्मदेशाचं बर्मा असंच झालं. तिथले लोक बोलताना साधारण 'बमा' म्हणतात. म्यानमारच्या शेवटचा 'र'ही तसाच, नुसता दाखवायचा. आपण मात्र तो ठणठणीत उच्चारतो. वेसाव्याच्या पोटात 'र' शिरला तो याच वाटेने असावा, असं मला वाटतं. वरसाव्याचा 'र' मात्र घरचा. एका गावाला उसना 'र' चिकटला, दुसऱ्याकडे तो आधीपासूनच होता, आणि कागदावर दोघांची गाठ पडली.

ब्रह्मदेश पुढे पुन्हा येणार आहे, तोवर जरा वरसाव्याच्या नाक्यावर थांबू. दक्षिणेला पाठ करून उभं राहिलं तर आपण एका बेटाच्या उत्तर काठावर असतो. बेटाचं नाव साष्टी. कांदिवलीत किंवा मुलुंडमध्ये जन्म गेलेल्या माणसाला आपण बेटावर राहतो हे सांगितलं तर तो हसतो. पण वांद्र्यापासून भाईंदरपर्यंत आणि कुर्ल्यापासून ठाण्यापर्यंतचा सगळा पसारा या एका बेटावर आहे, आणि जगातल्या सगळ्यात दाट वस्तीच्या बेटांत त्याची गणना होते. साष्टी म्हणजे सहासष्ट गावांचा मुलूख, अशी व्युत्पत्ती सांगतात.

आणि दुसरी साष्टी गोव्यात. मडगाव ज्या तालुक्यात आहे तो. त्याचीही व्युत्पत्ती हीच, सहासष्ट गावं. शेजारचा बार्देश बारांचा आणि तिसवाडी तीस वाड्यांची, त्यामुळे आकड्यांवरून मुलखाला नाव देण्याची ती रीतच दिसते. पोर्तुगीजांच्या हाती उत्तरेची साष्टी आली 1534 च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशहाकडून. दक्षिणेची साष्टी आली 1543 मध्ये. दहा वर्षांच्या आत एकाच राजाकडे एकाच नावाचे दोन प्रांत. आज इंग्रजीत दोघांची स्पेलिंगं वेगळी करतात, पण जुन्या पुस्तकांत तो भेद पाळलेला नसतो. अकबराच्या दरबारात तीन वर्षं राहून आलेला रोदोल्फो अक्वाविवा हा जेझुइट पाद्री 1583 मध्ये गोव्यातल्या कुंकळ्ळीला मारला गेला. तो आणि त्याचे सोबती इंग्रजी ग्रंथांत 'सालसेटचे हुतात्मे' म्हणून येतात. नकाशा न बघता वाचणारा मुंबईकर त्यांना बोरिवलीत शोधत बसेल.

म्हणजे इथे उलटा प्रकार आहे. वरसावे आणि वेसावे मराठीत वेगळी, इंग्रजीत एक. दोन्ही साष्टी मराठीत एक, इंग्रजीत मात्र आता वेगळ्या. कुठल्याच भाषेला फार शेखी मिरवायला नको.

साष्टीची दक्षिण हद्द जिथे संपायची तिथल्या गावाचं नाव आहे शीव, म्हणजे सीमा. तिच्या अलीकडे इंग्रजांची मुंबई, पलीकडे आधी पोर्तुगीजांची आणि 1737 पासून मराठ्यांची साष्टी. 1774 च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि ती शीव पुसली गेली. नंतर स्पेलिंगही असं बसलं की तिचं 'सायन' होऊन गेलं आणि सीमा कसली हे विचारायचं कारणच उरलं नाही.

नाक्यावरून पश्चिमेला खाडीच्या कडेने गेलं की घोडबंदर गाव आणि टेकाडावर पोर्तुगीजांचा किल्ला. अरबस्तानातून आलेले घोडे इथे उतरत, म्हणून घोडबंदर, असं इथे कोणीही सांगेल. तेराव्या शतकाच्या शेवटी मार्को पोलोने ठाण्याबद्दल एक मजेदार नोंद केली आहे. ठाण्याच्या राजाचा समुद्री चाच्यांशी करार होता: लुटीतला बाकी सगळा माल चाच्यांचा, पण जहाजावर घोडे सापडले तर ते राजाचे. राजाकडे घोडे नव्हते आणि हिंदुस्थानात घोड्यांची आयात मात्र जोरात होती. ठाणे याच खाडीच्या वरच्या अंगाला. हे वाचल्यापासून घोडबंदर रस्त्यावर ट्रकच्या मागे उभा असलो की मला ते घोडे आठवतात. त्यांचीही इथे बहुधा रांगच लागत असेल.

आमच्या काजूपाड्याचं नावही साधंसुधं वाटतं, पण त्यातला पाडा इथला आणि काजू ब्राझीलचा. तिथल्या तुपी लोकांचा 'अकाजू' पोर्तुगीजांनी झाडासकट इकडे आणला.

आता पूल ओलांडायचा. पलीकडे वसई. पोर्तुगीजांनी तिला 'बसाईं' केलं, इंग्रजांनी 'बसीन'. चिमाजीअप्पांनी 1739 च्या मे महिन्यात जिंकली ती वसई आपल्याला पाठ आहे. दुसऱ्या बाजीरावाने 31 डिसेंबर 1802 ला ज्या तहावर सही केली तो वसईचा तहही शाळेत परीक्षेला हमखास असतो. इंग्रजीत 'बसीनचा तह' म्हणावं तर 1534 चा तहही त्याच नावाचा, त्यामुळे साल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

एवढ्यावर भागत नाही. इंग्रजांनी 1852 च्या युद्धात ब्रह्मदेशातलं एक बंदर घेतलं. इरावतीच्या त्रिभुज प्रदेशातलं, पश्चिमेच्या फाट्यावरचं. त्यालाही ते बसीनच म्हणत. तिथल्या लोकांच्या तोंडी ते पाथेन. रंगीबेरंगी छत्र्यांसाठी प्रसिद्ध असलेलं गाव. मराठी माणसाला ब्रह्मदेश म्हटलं की टिळकांचं मंडाले आठवतं, रत्नागिरीत डांबलेला थिबा राजा आठवतो. पण पाथेनला वसईची इंग्रजी पाटी लागली होती हे सहसा कोणाला ठाऊक नसतं. 1989 मध्ये तिथल्या सरकारने रंगूनचं यांगून केलं तेव्हा ती पाटी अधिकृतपणे उतरली.

हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल या दोघांनी 1886 मध्ये एक जाडजूड कोश काढला, 'हॉब्सन-जॉब्सन'. हिंदुस्थानात राहून इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या देशी शब्दांचा तो खजिना आहे. त्याचं नावच कानाने केलेल्या चुकीचं आहे. मोहरमच्या मिरवणुकीतली 'या हसन, या हुसेन' ही आरोळी गोऱ्या सोल्जरांच्या कानी 'हॉब्सन-जॉब्सन' अशी पडली. या कोशात 'बसीन' काढून पाहिलं तर यूलसाहेब सांगतात की हा एकूण तीन निरनिराळ्या नावांचा अपभ्रंश आहे. पहिली आपली वसई. दुसरं ब्रह्मदेशातलं बंदर. आणि तिसरं, वऱ्हाडातलं वाशीम.

मी ती नोंद दोनदा वाचली. वाशीम म्हणजे वाकाटकांचं वत्सगुल्म. ज्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची काही उत्तम लेणी कोरली गेली, तो याच वत्सगुल्म शाखेचा राजा. दीड हजार वर्षांचं घराणेदार नाव, आणि इंग्रज कारकुनाने त्याला इरावतीच्या बंदराशेजारी एका ओळीत उभं केलं! मराठीत ज्यांच्यात एकही सूर जुळत नाही अशी वसई आणि वाशीम, साहेबाच्या दौतीत बुडाली की एक.

आणि आमचा आतेभाऊ वाशीमचा.

म्हणजे यूलसाहेबांच्या हिशोबाने तो त्या दिवशी बसीनहून निघून, दुसऱ्या बसीनच्या वाटेवरच्या वर्सोव्याला यायचं म्हणून, भलत्याच वर्सोव्याला उतरला होता.

ही पाटी आपल्याकडे तरी पूर्ण उतरली आहे असं नाही. पश्चिम रेल्वेचं वसई रोड पूर्वी बसीन रोड होतं. नाव कधीच बदललं, पण आरक्षणाच्या तिकिटावर वसई रोडचा सांकेतिक शब्द बघा: बी, एस, आर. मुंबईच्या समुद्रात तेल-वायू महामंडळाचं वायूक्षेत्रही बसीनच. गाव वसई झालं तरी समुद्राखालचं बसीन जागचं हललेलं नाही.

वरसाव्यात राहणाऱ्यांनी या घोळातून आपल्यापुरती वाट काढली आहे. नाक्यावर एक जुनं हॉटेल आहे, फाउंटन. ठाण्याहून येणाऱ्या बसचा कंडक्टर वरसावे म्हणत नाही, वर्सोवाही म्हणत नाही. तो दांडीवर पंच आपटून ओरडतो, "चला फाउंटन, फाउंटन!" आणि अर्धी गाडी रिकामी होते. ट्रकवाल्यांपासून शाळेच्या पोरांपर्यंत सगळ्यांचं ठिकाण तेच.

तर त्या दिवशी मीही अखेर शहाणा झालो. आतेभावाला सांगितलं, मेट्रोने मागे अंधेरीला ये, हायवेवरून उत्तरेकडे निघ आणि कोणालाही विचार, फाउंटन कुठे. फाउंटनला उतर.

तो जरा थांबला. "तिथं कारंजं आहे काय, भाऊ?"

म्हटलं, नाही रे. कारंजा तुमच्याच जिल्ह्यात आहे.